व्हाया काठमांडू

जुळे सोलापुरात राहणाऱ्या शालन सरवदे आरोग्य खात्यात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. दरवर्षी नोकरी जाते, दरवर्षी परत मिळते. अशा बाईंवर एकदा सात देशांची जबाबदारी आली. साथींची माहिती सगळ्या देशांनी एकाच ठिकाणी भरायची, म्हणजे रोग सीमेवरच सापडेल, असा थोर बेत होता. प्रयोगासाठी सोलापूर निवडलं गेलं. साहेबांना ऑनलाइन बैठकीत झोप येई, म्हणून त्यांनी शालनबाईंना पुढं बसवलं.

'ताप' नेमका कशाला म्हणायचं, यावर सात देशांचं वर्षभर जमेना. तोवर लोक आपापल्या परीनं तापत राहिले. त्या बैठकांत शालनबाईंची काठमांडूच्या दीपेंद्रशी ओळख झाली. तोही कंत्राटीच. हिंदी दोघांचीही मोडकी, त्यामुळं छान जमायचं.

अखेर यंत्रणा सुरू झाली. जिल्ह्यातल्या वैराग गावच्या दवाखान्यातली नोंद, औषधासकट, क्षणात परदेशी दिसू लागली. रुग्णाचं नाव गुप्त, फक्त नंबर. एकच किरकोळ अडचण राहिली. सोलापूरला माहिती भरायची परवानगी होती, बघायची नव्हती. त्याची फाइल वर गेली होती.

आणि वैरागला शालनबाईंच्या आई, दगडाबाई, तापानं पडल्या. तिथल्या औषधानं ताप राहिला बाजूला, तोंडच सुजलं. रविवारी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. औषधाची चिठ्ठी एसटीतच राहिलेली.

"तिथं काय दिलं होतं, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुई दिली की."

"कसली सुई?"

"टोचायची!"

वैरागला फोन कुणी उचलेना. आईचा श्वास अडखळायला लागला. शालनबाईंच्या मोबाइलवर आईचा रुग्ण म्हणून पडलेला नंबर तेवढा आला होता. त्यांनी काठमांडूला फोन लावला.

दीपेंद्रनं नंबर टाकला आणि इंजेक्शनचं नाव वाचून दाखवलं. तेच इंजेक्शन डॉक्टरांनीही नुकतं लिहिलं होतं. कागद फाडून त्यांनी दुसरं लिहिलं. म्हातारी वाचली.

सात देशांनी लगेच यशोगाथेचा व्हिडिओ काढला. त्यात दगडाबाई झळकल्या, साहेब झळकले. दीपेंद्रला मात्र रुग्णाची गुप्त माहिती फोनवर दिली म्हणून नोटीस निघाली.

पुढच्या बैठकीत शालनबाईंनी कुणाला न विचारता माइक सुरू केला. "नंबर मी दिला. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. नोटीस मलापण द्या."

साहेबांची झोप उडाली. अध्यक्ष गडबडले. एका देशाच्या कंत्राटी बाईला सात देशांनी मिळून नोटीस कशी द्यायची, याचा नियमच कुणी केला नव्हता. आणि एकट्या दीपेंद्रला शिक्षा केली, तर व्हिडिओचं काय करायचं? प्रकरण 'विचाराधीन' ठेवलं. म्हणजे मेलं.

संध्याकाळी शालनबाईंनी आईला व्हिडिओ कॉलवर दीपेंद्र दाखवला. दगडाबाईंनी त्याला निरखून बघितलं.

"लई वाळलाय की गं ह्यो," त्या म्हणाल्या. "आईला सांग म्हणावं, दूध देत जा."

शालनबाईंनी ते मोडक्या हिंदीत पोचवलं.