हरामखोर नावाचं कालवण

मंडणगडच्या स्टँडवरून मी निघालो त्या सकाळी आई एसटीच्या खिडकीपाशी उभी होती. "पोट मारू नकोस," एवढंच तिने दोनदा सांगितलं. गाडी वळली तेव्हा ती माझ्याकडे नाही, गाडीच्या टायरकडे बघत होती. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

गावाकडून फोन आला की अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, तिकडे खाता काय? मी काहीतरी सांगून मोकळा होतो. आज नीट सांगतो. तुमच्यापैकी जे इकडे येऊन गेलेत, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आखातात आल्यावर इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत आम्ही एका खोलीत सहाजण राहायचो. काम मरीना भागातल्या टॉवरमध्ये, एसीचे डक्ट बसवायचं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. स्वयंपाक इस्माईलभाई करायचे. ते श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, आमच्यात सगळ्यात मोठे. ओळखीचा खाटीक त्यांना गिऱ्हाईक नेत नाही ते सगळं पिशवीत भरून द्यायचा. वजडी, फुप्फुस, गुर्दे, दिल, थोडी कलेजी. इस्माईलभाई वजडी गरम पाण्यात खरवडून पांढरी करायचे, खोबरं-कांदा भाजून वाटण लावायचे आणि सगळं एकाच टोपात तीन तास शिजवायचे. कलेजी शेवटी, नाहीतर ती दगड होते.

त्या कालवणाचं नाव होतं 'हरामखोर'. मटण अस्सल हलाल, पण नाव हे! कुणाच्या बायकोचा फोन चालू असला की आम्ही सभ्यपणे 'फोरमन' म्हणायचो. दोन्हींचा अर्थ खोलीत एकच होता.

आमचा फोरमन शिंदे. सातारचा, आपलाच माणूस, म्हणून राग जास्त. इस्माईलभाईंच्या मुलीचं, सलमाचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी रजेचा फॉर्म भरला. शिंदे म्हणाले, "पाठवतो वर." पंधरा दिवसांनी म्हणाले, "ऑफिसातून आलं नाही अजून. इन्शाल्ला होईल." इस्माईलभाईंनी दुसरा फॉर्म भरला, मग तिसरा. शेवटी उत्तर आलं, "हँडओव्हर आहे, टॉवर ताब्यात द्यायचाय, रजा खलास."

निकाहच्या शुक्रवारी ते चुलीपाशीच उभे होते. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हातात डाव. तिकडे काझी बोलत होते ते आम्हालाही बारीक ऐकू येत होतं. कॉल मध्येच तुटला. पुन्हा लागेना. त्यांनी फोन खिशात टाकला, टोपातलं ढवळलं आणि म्हणाले, "शिजू दे हरामखोराला." नाव त्या दिवशी पडलं. आम्ही हसलो, तेही हसले.

दोनेक वर्षांनी ती कंपनीच बसली. आम्हाला दुसरीकडे घेतलं, पण शिंदेंना कुणी घेतलं नाही. कंपनीने फ्लॅट काढून घेतला, हिशेब मिळेपर्यंत तिकीट नाही. एका शुक्रवारी दुपारी ते बॅग घेऊन आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली. कुणीच 'या' म्हणेना.

इस्माईलभाई म्हणाले, "हात धुवा साहेब. जेवण तयारच आहे."

शिंदे जेवायला बसले. दोन घास खाल्ल्यावर टोपाकडे बघून म्हणाले, "हेच ना ते? माझ्या नावाचं?" आमचे हात ताटातच थांबले. "साइटवर सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी रस्सा मागून घेतला.

नऊ दिवस ते आमच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले. जायच्या आधी त्यांनी इस्माईलभाईंना सांगितलं, "तुमचे फॉर्म मी वर पाठवलेच नव्हते. ड्रॉवरमध्ये होते. तुम्ही गेला असता तर काम अडलं असतं आणि माझ्यावर आलं असतं."

इस्माईलभाईंनी त्यांच्या ताटात रस्सा वाढला. मग म्हणाले, "जेवून घ्या. थंड होतंय."

शिंदे गेल्यावर मी भडकलो. "त्याला कशाला पोसलंत?" ते भांडी घासत होते. "सुभाष, दोन वर्षं दर शुक्रवारी त्याचं नाव चावून खाल्लं मी. आता दात दुखतात."

पुढे मी सुपरवायझर झालो, करामा भागात घर घेतलं, बायको आली. मुलगी इथेच जन्मली. मी एकदा हौसेने वजडी आणली तर नाक धरून म्हणाली, "बाबा, धिस इज सो ग्रॉस!" चूक तिची नाही. ती जन्मली त्या गावात हे खात नाहीत, एवढंच. मलाही आता तीन तास चुलीपाशी उभं राहवत नाही. घरी आलो की बूट काढायचाही कंटाळा येतो.

गेल्या रजेत मी श्रीवर्धनला गेलो. इस्माईलभाई परतून चार वर्षं झाली होती. ओट्यावर बसलो. सलमा माहेरपणाला आली होती, तिनेच चहा आणला. खूप जपून बोलत होती. बापाकडे तर बघतही नव्हती. ते नमाजाला उठून गेले तेव्हा तिने विचारलं, "काका, तुम्ही बरोबर होतात ना? अब्बा माझ्या निकाहला का नाही आले? आम्हाला म्हणाले, काम सोडून येणं जमत नाही."

मला वाटलं, गप्प बसावं. पण मी म्हणालो, "तीन वेळा फॉर्म भरला होता त्यांनी. मी पाहिलाय. फोरमनने तो पुढे पाठवलाच नाही. कॉल तुटला तेव्हा ते काझींचं ऐकत उभे होते."

इस्माईलभाई परत आले तशी ती उठली. "अब्बा, मला सांगितलं का नाही?"

ते चहाचा कप उचलून खाली बसले. "सांगून काय? तुला त्या शिंदेचा राग आला असता. तो कोण, कुठला. माझा आला तर निदान घरातल्या घरात राहतो."

ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, इतकी जवळ की त्यांना कप खाली ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. घर कुठलं, असं मला इथे कुणी विचारलं तर मी मंडणगड सांगतो, तिथे विचारलं तर करामा. दोन्हीकडे माझ्याबद्दल अर्धंच माहीत आहे. आपण जे गिळलं ते घरच्यांना दुसऱ्या कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. माझ्याबद्दल सांगायला कोण जाईल, ते मला अजून माहीत नाही.