साडेपाचचं कुलूप

सिव्हिल इंजिनिअरिंगला असलेली आमची मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून तिचे सर्व्हेचे नकाशे कॉलेजात द्यायला मी गेलो. परीक्षा विभागाच्या खिडकीत गुंडाळी उलगडली, तर आत बायकोने जपून ठेवलेलं गजलक्ष्मीचं कॅलेंडर!

खिडकीतले गृहस्थ हसले नाहीत. तीन वर्षं पोरीची फी भरायला येतोय, पण मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मान वर न करता, नियमपुस्तकातल्या ओळीखाली पट्टी धरूनच ते बोलायचे. आजही धरली.

"नियम काय म्हणतो? टर्मवर्कचे नकाशे आज जमा, कार्यालय बंद होण्यापूर्वी. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."

"साहेब, पोरीचं वर्ष जाईल हो!"

"साडेपाचला बंद होतं," ते पट्टीकडे बघत म्हणाले.

कॅलेंडर खिडकीतच राहिलं. नाशिकरोडला घरापर्यंत सायकल हाणली, नकाशे घेऊन तसाच फिरलो. वाटेत द्वारका चौकात चेन पडली. पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. सगळ्या खिडक्या बंद, एकच उघडी. आत तेच गृहस्थ, समोर टेबलावर कुलूप. शिपाई दारात चुळबुळत होता.

"उशीर झाला," मी कसाबसा बोललो.

पट्टी पुन्हा त्याच ओळीखाली सरकली. "कार्यालय बंद होण्यापूर्वी, असं आहे. मी अजून कुलूप लावलेलं नाही."

त्यांनी नकाशांवर शिक्का मारला आणि मगच ते उठले.

घरी सगळं सांगितल्यावर बायकोने लाडवांचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "उद्या माझी लक्ष्मी परत आणा. जाताना चार लाडू न्या. घेणार नाहीत ते, नियमात बसत नसेल. तरी न्या."