गोंदणावरचं घड्याळ

श्यामकांत घड्याळवाल्याचं एकच म्हणणं होतं: घड्याळ खराब नसते, घालणारा खराब असतो. आणि बाप्पा, बहुतेक वेळा त्याचंच खरं ठरायचं! गोल बाजाराच्या गल्लीत त्याच्या बापानं चावीच्या घड्याळांचं दुकान टाकलं होतं. रायपूर राजधानी झालं, नव्या रायपुरात रुंद रस्ते झाले, साहेबलोक पहाटे पळू लागले, तसा हा त्यांच्या खेळाच्या घड्याळांत शिरला. दुरुस्ती थोडी, समजूत घालणं जास्त.

शंकर नगरातला आपलाच एखादा मराठी पोट्टा यायचा आणि हिंदीत रडायचा, "काका, ये तो बता रहा है मैं तालाब के बीच से दौड़ा!" श्यामकांत खेकसायचा, "गल्लीतून बटन दाबलं न पळत सुटला, मंग सॅटेलाइट काय पत्रे फोडून तुले पाहणार हाय? आधी मैदानात उभा राह्य. आभाळ दिसू दे त्याले, मंग पळ." नाडीचे आकडे उड्या मारतात म्हणणाऱ्याचा पट्टा तो मनगटाच्या हाडाच्या जरा वर सरकवून आवळायचा, मागची घामट काच पुसायचा, आणि तरी भागलं नाही तर घड्याळ दुसऱ्या हातात घालायला लावायचा.

त्याचं खरं नाव झालं ते गोदन्यामुळे, म्हणजे आपल्या गोंदणामुळे. गावाकडची एक पोलिसातली पोट्टी घड्याळ घेऊन आली. नाडी म्हणून काहीच्या काही दाखवत होतं ते. तिचं मनगट गोदन्यानं काळंभोर होतं. घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून नाडी मोजतं. काळी शाई तो उजेडच खाऊन टाकते. यानं घड्याळ तिच्या कोऱ्या हातात बांधलं, आकडे सरळ झाले. तेव्हापासून स्वारीचं डोकं आभाळात. गोंदलेला हात दिसला की घड्याळ न पाहताच निकाल द्यायचा.

आता घरचं ऐका. त्याच्या बायकोच्या, विजयाच्या, डाव्या मनगटावर लहानपणी राजिमच्या जत्रेत काढलेलं गोंदण होतं, बांगडीसारखं भरगच्च. मेल्यावर हाच एक दागिना सोबत येतो, असं तिच्या आईनं सांगितलेलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या विशालनं, त्यांच्या मुलानं, आपलं जुनं घड्याळ आईला पाठवलं. बाई हरखली. सकाळी बागेत फेऱ्या मारायची आणि आल्यावर किती चालले ते नवऱ्याला सांगायची.

पावसाळा सरता सरता ते घड्याळ मनगटावर थरथरू लागलं. ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा, असं लिहून यायचं. पोळ्या लाटताना यायचं, बसल्या बसल्या यायचं.

"अहो, हे पाहा ना, पुन्हा वाजून राहिलं."

"गोंदण आडवं येऊन राहिलं, दुसरं काय!"

"मले जिना चढताना दमही लागते हो आताशा."

"वय झालं, विजये. मले नाही लागत का?"

"उजव्या हातात घालून पाहू का?"

"काहून? आता तू मले शिकवशीन?"

बिचारीनं घड्याळ डाव्याच हातात ठेवलं. अहो, चार पैशांच्या गिऱ्हाइकाला हा माणूस हात बदलायला लावायचा आणि घरच्या लक्ष्मीला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तिची काळजी मिटावी म्हणून त्यानं घड्याळातली ती सूचनाच बंद करून टाकली. "घे. आता नाही सतावणार," म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, हे सांगायला हवं.

दिवाळीच्या फराळाची तयारी चालू असताना विजया ओट्याजवळ कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके बऱ्याच महिन्यांपासून बिघडलेले असावेत. त्यानं गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. आधी कळलं असतं तर गोळ्या देता आल्या असत्या. "घरी काही लक्षात नाही आलं का तुमच्या?" श्यामकांतनं मान हलवली. नाही.

विशाल धावत आला. आईच्या उशाशी बसून त्यानं विचारलं, "बाबा, घड़ी ने कुछ बताया नहीं क्या?"

"तिच्या हातावर गोंदण हाय ना रे. त्याच्यानं बरोबर समजत नाही," श्यामकांत म्हणाला. यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याला स्वतःची किळस आली.

रजा संपली, पोरगा गेला. घरी आणलेल्या विजयाला हळूहळू एकच शब्द फुटला: "हव." शेजारच्या छत्तीसगढी बायका हो म्हणायला म्हणतात, तोच. पाणी देऊ? हव. कूस बदलू? हव. लोक म्हणाले, सुधारून राहिली.

एका दुपारी तो तिचं अंग पुसत होता. पुसता पुसता हात थांबला आणि त्याला रडू फुटलं. "विजये, घड्याळ बरोबर सांगत होतं व. मीच त्याचं तोंड दाबलं. माफ करशील का मले?"

"हव," ती म्हणाली. डोळे त्याच्यावरच होते.

त्याच्या जिवात जीव आला. पण जन्मभराची खोड, एकदा आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "माफ नाही करणार ना मले?"

"हव," विजया म्हणाली, त्याच सुरात.

ती तशीच त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.