‘कट’ म्हटलं तरी

पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाला आमच्या चर्चमधला मृदंग खटकला.

जुनी भक्तिगीतं आज कोण गातं, यावर तो माहितीपट करत होता. सकाळी कर्जतच्या एका देवळात त्याने भजन चित्रित केलं होतं. जवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती भजनं गातात असं कळल्यावर उपासना संपता संपता तो इथे पोचला. माझी आत्या टाळ घेऊन सतरंजीवर पुढे बसली होती, काका मृदंगावर.

"हे अगदी देवळातल्यासारखंच दिसतंय," तो म्हणाला. "बघणाऱ्याला चर्च वाटायला हवं. कीबोर्ड नाही का?"

"मग आमी हे काय देवळातनं चोरून आनलं व्हय?" आत्या म्हणाली. "माज्या आज्याच्या आदीपासनं हाय."

तो हसला आणि माझ्याकडे वळला. "तू इंग्रजी शाळेतली ना? एखादं इंग्रजी गाणं म्हण. खिडकीपाशी उभी राहून. छान दिसेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुम्ही ख्रिश्चन, मग टाळ कशाला? गावात विचारायचे, एवढं इंग्रजी शिकलीस, मग भजनाला कशाला बसतेस? दोन्हीकडे मी विषय बदलायचे. उत्तर माहीत होतं, ते द्यावंसं वाटत नव्हतं.

"मी नाही म्हणणार," मी म्हणाले. "आम्ही गातो ते हेच. पाहिजे तर घ्या, नाहीतर चहा घ्या."

"आगं बया, बोलली की पोरगी!" काका म्हणाले आणि मृदंगावर थाप पडली.

ते भजन इकडच्याच कुणा जुन्या ख्रिस्ती कवीचं आहे. तो देवाशी भांडतो. दार ठोठावून माझे हात सुजले, म्हणतो. शेवटच्या कडव्यात विचारतो, आत तू आणि बाहेर उभा आहे तोही तूच, तर ठोठावतंय कोण?

दुसऱ्या कडव्यानंतर दिग्दर्शक "कट" म्हणाला. कुणी थांबलं नाही. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, आणि ते घेतल्याशिवाय आमच्यात भजन सोडत नाहीत. तो पुन्हा "कट" म्हणाला. कॅमेरावाल्याने कॅमेरा पिशवीत भरला. आत्याचे डोळे मिटलेलेच होते. नाव घेऊन झाल्यावर तिने टाळ खाली ठेवले. "हां. आता कापा काय कापायचं ते."

त्यांनी कापलंच. काही महिन्यांनी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी भिंतीवर चादर लावून सगळ्यांना तो माहितीपट दाखवला, तेव्हा आमचं भजन पहिल्या कडव्यातच मंद होत गेलं. वरून निवेदकाचा भारदस्त आवाज आला: ही परंपरा आता शेवटचे श्वास मोजते आहे.

मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारी, पुढे, दाराशी, सगळे श्वास घेत बसले होते.

मी पुढची ओळ म्हटली. एकटीने, चांगली मोठ्याने. थांबले नाही. आत्याने वळून न बघताच सूर धरला. काकांनी मांडीवर ठेका घेतला. मग सगळेच गायला लागले. चादरीवर नदी आली, कुठलासा घाट आला, निवेदक काहीतरी सांगत राहिला. पाळकसाहेबांचा हात माहितीपटाचा आवाज वाढवायला पुढे गेला, आणि त्यांनी तो आवाज बंदच करून टाकला.

आम्ही कवीचं नाव घेतलं. मग थांबलो.