तुर्गुनबायची बातमी

डोंगरातल्या कोकबुलाक गावात तुर्गुनबाय कुणाच्या घरी सहज म्हणून जात नसे. त्याला आवडलं असतं, पण तो गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून उभ्या राहत आणि आपला नवरा कुठे आहे, मुलगा कुठे आहे, हे आठवू लागत. तो दारावरून पुढे गेला की त्या घरातले लोक पुन्हा श्वास घेत आणि पुढच्या घरातल्यांचा अडके.

कुणी गेल्याची बातमी घरच्यांना एकदम द्यायची नाही, ही तिथली रीत. दोन वडीलधारे सोबत घेऊन जायचं, रस्त्याचं, बर्फाचं, घोड्यांचं बोलत राहायचं, मग ससाणा हातावरून उडाला अशा भाषेत हळूहळू मुद्द्यावर यायचं. हे सगळ्यांना जमत नाही. तुर्गुनबायला तरुणपणीच जमलं, आणि जमतं म्हटल्यावर गावाने त्याला सोडलं नाही. पूर्वी काम बेताचं असे. म्हातारे मरत, तेही सवडीने. मग पोरं रशियात बांधकामांवर जाऊ लागली, आणि काम वाढलं. एरवी तो गुरांच्या दवाखान्यात इंजेक्शनं देई. शिवाय तो गावच्या फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष होता, कारण अध्यक्ष निवडण्याच्या दिवशी त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

क्लब हरत होता. पूर्वीही हरायचा, पण मधूनमधून. यंदा त्यात सातत्य आलं होतं. वसंत सुरू झाला तेव्हा संघ तळाला होता आणि नगरपालिकेतला कुबात म्हणू लागला होता की प्रशिक्षक बदला, नाहीतर बाहेरगावच्या मॅचना जायला बस मिळणार नाही.

प्रशिक्षक एसेनकुल हा शाळेत कवायत शिकवणारा मास्तर, तुर्गुनबायचा लहानपणापासूनचा मित्र. सभा बाजारामागच्या खानावळीत भरली. सभा म्हणजे तिघं: तुर्गुनबाय, कुबात आणि क्लबातले सगळ्यात वयस्क जोमार्त अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे; त्यांची दाढी खरंच पांढरी होती आणि मत कायम काळं.

"शेवटची मॅच आपण कधी जिंकलो?" जोमार्तनी विचारलं.

"पानगळीच्या आधी," कुबात म्हणाला. "समोरच्यांची गाडी घाटात बंद पडली होती."

"म्हणजे जिंकलोच की."

"अक्साकाल, ते आलेच नव्हते!"

"आले असते तरी जिंकलो असतो, असं धरून चाल."

कुबातने कपाळाला हात लावला. "एसेनकुलना मी बाइके म्हणतो, थोरला भाऊच मानतो. माणूस लोणी आहे. पण लोण्याने मॅच जिंकता येत नाही. खालच्या गावचा एक कोच मोकळा आहे. त्याने शिट्टी वाजवली की पोरं चळाचळा कापतात म्हणे."

"आपली पोरं चेंडू बघूनच कापतात," जोमार्त म्हणाले. "शिट्टीचा खर्च कशाला? पण काढायचं तर काढा. तुर्गुनबाय, तू सांग त्याला. तुला छान सांगता येतं."

"मला एकच गोष्ट सांगता येते," तुर्गुनबाय म्हणाला.

"तीच जरा सौम्य करून सांग."

यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या हातून दोस्ताचं मैदान जाणार होतं, आणि दोस्तही राहील की नाही, कुणास ठाऊक. त्याने एवढीच अट घातली की तिघांनीही यायचं. एकट्याने काढून टाकणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं निघाले. प्रसंग गंभीर म्हणून स्वच्छ कोट घातले, डोक्यावर पांढऱ्या, दाबलेल्या लोकरीच्या टोप्या चढवल्या. अख्ख्या गावात हे चित्र पाहून काय समजायचं हे न कळणारे तीनच लोक होते, आणि ते तिघं ओळीने चालत होते.

एसेनकुलची बायको बुरुल अंगणात गालिचा झोडपत होती. तिने फाटकातून पाहिलं. मधे तुर्गुनबाय, एका बाजूला दाढी, दुसऱ्या बाजूला नगरपालिका. तिच्या हातातली काठी पडली.

"मीर्लान!" ती किंचाळली आणि मातीत बसली.

मीर्लान त्यांचा एकुलता एक मुलगा, रशियात उंच इमारतींवर काम करणारा. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली, तुर्गुनबायला बघताच तिनेही गळा काढला आणि रडतरडतच स्वतःच्या मुलीला चहाचं आधण ठेवायला सांगितलं. गोठ्यातून एसेनकुल आला. त्याच्या हातात गवताचा भारा होता. तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. चेहरा राखेसारखा झाला होता.

"सांग," तो म्हणाला.

तुर्गुनबायला ओरडून सांगायचं होतं. पण तोंडाला इतक्या वर्षांची सवय होती. "रस्त्याला यंदा चिखल फार आहे, एसेनकुल," त्याने खालच्या आवाजात सुरुवात केली, आणि बुरुलने कपाळ जमिनीला टेकवलं.

"अरे गाढवा!" जोमार्त अक्साकाल गरजले.

"मीर्लान धडधाकट आहे!" तुर्गुनबाय ओरडला. "कुणी मेलं नाही! तुला फक्त काढून टाकलंय!"

आयुष्यात त्याने बातमी अशी सरळ पहिल्यांदाच दिली. बुरुलने डोकं वर केलं, पण विश्वास ठेवला नाही; मुलाला फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग यंत्रांचा खडखडाट ऐकू आला आणि एक वैतागलेला आवाज.

"काय झालं, आई? वर चढलोय मी."

"काही नाही रे बाळा. तुझ्या बाबाला क्लबातून काढलं."

"एवढ्यासाठी फोन केलास?"

"हो रे, एवढ्याचसाठी," ती म्हणाली, आणि आता खरी रडली.

आनंदाची बातमी आणणाऱ्याला रित्या हाताने पाठवायचं नाही, हीही तिथली रीत. एसेनकुलने मेंढा कापला. ज्यांनी आपल्याला काढलं त्यांच्यासाठी मेंढा कापणारा प्रशिक्षक फुटबॉलच्या इतिहासात दुसरा झाला असेल तर कोकबुलाकला त्याची माहिती नाही.

जेवायला बसल्यावर मात्र तिघांची पंचाईत झाली. त्या घरचं खाऊन पुन्हा तो विषय कोण काढणार? बुरुलनेच काढला.

"घ्या, बाइके," ती तुर्गुनबायच्या ताटात मांसाचं मानाचं हाड वाढत म्हणाली. "आणि घेऊन जा तो तुमचा क्लब. चेंडूही न्या. माझ्या पिठाच्या कोठीत ठेवलेत यांनी."

"बुरुल," एसेनकुल हळूच म्हणाला. तो हसत होता, पण त्याने अजून घास घेतला नव्हता. "नवा कोण येतोय?"

कुबातने शिट्टीवाल्याचं नाव सांगितलं.

"चांगला आहे. त्याला फक्त सांगा, नुरगाझीला लगेच बाहेर बसवू नको म्हणावं."

"तो गोलकीपर?" जोमार्तना राहवलं नाही. "चेंडू येतो तेव्हा तो बाजूला होतो! पाहुण्याला वाट द्यावी तसा! त्याला का खेळवतोस तू?"

"शिकतोय," एसेनकुल म्हणाला आणि ताटाकडे पाहू लागला.

तुर्गुनबायच्या हातातलं हाड तसंच राहिलं. नुरगाझीच्या दारात तो गेला होता. त्याच्या बापाची बातमी घेऊन. डाव्या बाजूने खेळणारा तो लंगडत धावणारा पोरगा, त्याच्याही घरी. थोरल्या भावाची. आणि चेंडू पायात आला की मान खाली घालणारा तो उंच इलगीझ. तुर्गुनबाय एकेका घरी एकदाच जाई. नंतर तिथे तोंड दाखवायची त्याची छाती होत नसे. मॅचदेखील तो गोलच्या मागे उभा राहून पाही, म्हणजे पोरांची नजर पडणार नाही. म्हणून त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं, की नीट पाहिलं तर अर्धा संघ त्यानेच निवडला होता.

"तू माझ्यानंतर जातोस," तो म्हणाला.

"चाळीसाव्या दिवसाचं जेवण झालं की," एसेनकुल म्हणाला. "तोवर लोक येत-जात असतात. मग कुणी येत नाही. पोरगं भिंतीकडे बघत बसतं. मी म्हणतो, चल, एक माणूस कमी पडतोय."

"कमी पडतच नसतो ना?"

"नसतो. म्हणून एकाला काढावं लागतं. चांगले खेळणारे शेजारच्या गावात गेले. त्यांची चूक नाही."

कुबातने खाकरून पाहिलं. "हे सगळं ठीक आहे, बाइके, पण बस..."

"राहा, एसेनकुल," तुर्गुनबाय म्हणाला. "हरशील. पण राहा."

"अहो, पण बस!"

"दवाखान्याचा गुरांचा ट्रक आहे."

"खेळाडू गुरांच्या ट्रकमधून?"

"गुरांनी अजून तक्रार केलेली नाही," जोमार्त म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

एसेनकुलने पहिला घास घेतला तो तेव्हा.

संघ त्या मोसमात खालच्या गटात गेला. शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती आणि संघ तीही हरला. तुर्गुनबाय त्या दिवशी गोलमागे उभा नव्हता. मैदानाच्या कडेला, एसेनकुलशेजारी बाकावर होता. खेळ संपल्यावर नुरगाझी हातमोजे काढून गवतावर एकटाच बसला. तुर्गुनबाय उठला, त्याच्याजवळ गेला. पोराने वर पाहिलं, कोण आहे ते ओळखलं, आणि त्याचे खांदे आक्रसले.

तुर्गुनबायच्या तोंडी चिखल आला, घोडे आले, वारा आला. ते सगळं त्याने गिळलं आणि तो शेजारी उकिडवा टेकला.

"दुसरा गोल मात्र तुझ्यामुळे झाला," तो म्हणाला.



"तिसरापण," नुरगाझी म्हणाला, आणि तुर्गुनबायला नीट बसायला जागा व्हावी म्हणून त्याने हातमोजे उचलून पलीकडे ठेवले.