सुपारी फुटेपर्यंत

पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत आज जितक्या घरांत नवराबायको भांडत असतील, त्यांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ माझ्या मामेसासऱ्यांपाशी जाऊन पोचतं. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता. धंद्यात माणूस कधीतरी सुटी घेतो. मयतीला गेले तरी खांदा देता देता शेजारच्याला हळूच विचारायचे, तुमचा मोठा अजून तसाच का? एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला उपवर मुली किती आणि त्या कितवीपर्यंत शिकल्यात, हे मारेगाव यायच्या आत त्यांना कळलेलं असे. माझं लग्नही त्यांनीच जुळवलं. मुलगी अगदी गरीब गाय आहे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी कधी जाब विचारला नाही, कारण मुलगा फार शांत स्वभावाचा आहे, असं त्यांनी तिकडे सांगून ठेवलं होतं.

त्यांचा एक नेम होता. बैठक बसली की सुपारी फुटेपर्यंत मध्यस्थानं जागा सोडायची नाही. मध्यस्थ उठला की दोन्हीकडचे उठतात आणि परत बसताना भलतंच काही ठरवून बसतात, असा त्यांचा अनुभव. एका बैठकीत सतरंजीखालून लाल मुंग्या निघाल्या. सगळे अंग झटकत उभे राहिले. मामाजी तेवढे मांडी घालून हसतमुख. सोयरीक जुळली. पुढे बरेच दिवस ते पायांना खोबरेल तेल चोळत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं पाय दाखवत होते.

मग त्यांना धाप लागायला लागली. कापसाच्या धुळीचा दमा असेल म्हणून दोन पावसाळे दम्याचंच औषध चाललं. पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडू लागला, तेव्हा कुठे आम्ही त्यांना यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं, दमा नाहीच. हृदयाची डावी बाजू थकली आहे, रक्त पुढे नीट ढकलत नाही. ते मागे तुंबून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय, आणि त्या दाबाशी झगडून आता उजवी बाजूही दमली आहे. आमचे चेहरे उतरले. मामाजींनी मात्र बाहेर येऊन मामींना सगळं समजावलं.

"उजवीकडचे म्हणजे पोरीवाले, डावीकडचे पोरावाले. पोरावाले कामचुकार निघाले, अन् पोरीवाले ढकलून ढकलून थकले. मधात फुफ्फुस, म्हणजे मी. सारा दाब मधातल्यावर."

पथ्य त्यांनी मनापासून पाळलं. पापडाकडे नुसतं बघायचे. पाणी मोजून प्यायचे. रोज सकाळी बोटातली अंगठीसुद्धा काढून वजनकाट्यावर उभे राहायचे. घोडं अडलं ते पाण्याच्या गोळीपाशी. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी. ती घेतली की सकाळभर उठबस. त्यामुळे बैठकीच्या दिवशी गोळी खिशात राहायची. मी रागावलो, मामींनी अबोला धरला. निदान डॉक्टरबाईंना विचारा म्हटलं, तर लाजले. "बाईमाणसाले हे कसं सांगाव, जवाईबापू?"

आणि त्यातच त्यांच्या एकुलत्या एका लेकीची सोयरीक आली. जिल्ह्याची लग्नं जुळवणाऱ्या या माणसाला घरातलीच पोरगी दाद देत नव्हती. आता पुसदचा एक मास्तर तिनं स्वतःहून पसंत केला होता. मामाजींना आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर पाहुण्यांची ये-जा, म्हणून आठवडाभर गोळी बंद. बैठकीच्या सकाळी त्यांचे पाय चपलेत जाईनात. मी म्हटलं, या वेळी तुम्ही मुलीचे बाप आहात, मध्यस्थ मी होतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. "लेकीची सोयरीक, अन् मध्यस्थ दुसरा?"

बैठक लांबली. मुलाचे वडीलही मोठे ताठ गृहस्थ; जागचे हलत नव्हते. मामाजी तोंडानं श्वास घेत होते आणि हसत होते. शेवटी सुपारी फुटली. त्यांना आम्ही दोघातिघांनी धरून उठवलं, आणि तसेच गाडीत घालून यवतमाळला नेलं. ते परत आले नाहीत.

डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, गोळी सकाळीच घ्यायला हवी असं काही नव्हतं. पाहुणे गेल्यावर दुपारी घेतली असती तरी चालली असती, त्यांनी फक्त एकदा मला सांगायचं होतं. इतकी साधी गोष्ट. तिचं मला आजही फार वाईट वाटतं.

तेराव्याला मुलाचे वडील पुसदहून आले. बराच वेळ मामाजींच्या फोटोसमोर बसले, मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात बोलले.

"मले बी तीच गोळी हाये. त्या दिवशी सकाळी खाऊनच आलतो. जीव नुसता कासावीस झालता. पण ते उठून नाही राह्यले, तर आपण कसं उठाव, म्हणून बसलो. ते उठले असते ना, तर मी त्यायच्या आधी दारात राह्यलो असतो."

हे मामाजींना कळलं असतं तर धाप लागेपर्यंत हसले असते. मलाही हसू फुटलं. पण समोर मामी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.