घेरीचं नाव काढू नको

ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरावर आवडाबाईनं वीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. अंगानं दांडगी, मनानं मोकळी, पण तोंडात तीळ भिजत नसे. तिच्या एकुलत्या एका मुलाचं, धाकूचं लग्न एकावन्न साली झालं आणि ठाकुर्लीकडची सगुणा सून म्हणून घरात आली. चार महिने झाले असतील. सकाळी भाकऱ्या थापता थापता सगुणा भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आई, मना घेरी येते."

झालं. नव्या सुनेला घेरी आली म्हणजे काय, हे आगऱ्याच्या घरात कुणी समजावून द्यावं लागत नाही. आवडाबाईनं पुढचं काही विचारलंच नाही. पोरीच्या पोटात रात्री अन्न गेलं होतं का, पाळी कधी आली होती, काही म्हणजे काही नाही. दुपारच्या आत तिनं आळीभर गूळ-खोबरं वाटून टाकलं. मिठागरावरच्या बाया सगुणेला चिडवू लागल्या, कुणी चिंचा आणून दिल्या, मुकादमानंही तिची पाटी अर्धीच भरायला सांगितली. सगुणा मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. सासूला चारचौघांत खोटं पाडायचं कसं?

पंधरा दिवसांत ती बाहेरची झाली आणि आवडाबाईचं हसं झालं. "काय गो आवडे, नातू वाट चुकला का?" बाया विचारू लागल्या. असली थट्टा आवडाबाईनं जन्मभर दुसऱ्यांची केली होती, पण स्वतःवर आली तेव्हा सोसवेना. घरी येऊन ती सुनेवरच उखडली. "आता पोट दिसल्याबिगर घेरीचं नाव काढू नको."

सगुणेनं नाही काढलं. दोन वर्षं नाही काढलं. ती पांढरीफटक पडत चालली होती. पाटी घेऊन जाताना बांधावर मध्येच खाली बसायची.

"काय झाला?" सासू विचारी.

"काय नाय, काटा टोचला."

मिठाच्या बांधावर कसला आलाय काटा? तिथं गवताची काडी उगवत नाही. हे आवडाबाईला कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण खोदून विचारलं तर पुन्हा तोच विषय निघायचा, म्हणून ती आपली पुढं चालू लागे.

चोपन्नच्या एप्रिलात सगुणा पाटीसकट बांधावर आडवी झाली. धाकूनं गाडीला बैल जुंपून तिला टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पापणी ओढून पाहिली. अंगात रक्तच उरलं नव्हतं.

"हिला कधीपासून चक्कर येत असणार. घरात कुणाला बोलली नाही?"

सगुणेनं सासूकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाय. घेरी कधी आलीच नाय."

आवडाबाई उशाशीच होती. खरं काय ते तिनं सांगायला हवं होतं. सारा गाव जिच्या तोंडाला भ्यायचा, तिची जीभ नेमकी तेव्हा उचलली नाही. तिसऱ्या दिवशी सगुणा गेली.

पुढं गावात नवी सून आली की आवडाबाई विहिरीवर तिला गाठायची. "घेरी येते का गो? आली तर मना सांग. मी कुणाला बोलणार नाय."

पोरी पदर तोंडाला लावून लाजायच्या. "इतक्यात कुठं, आजी?" म्हणायच्या आणि घागर उचलून निघायच्या.

"तसं नाय गो इचारत," आवडाबाई मागून म्हणायची. तोवर त्या हसत हसत लांब गेलेल्या असायच्या.